जर्मनीला निघालेल्या लेकीची बॅग: इथून काय घ्यायचं, तिथे गेल्यावर काय

अंबाजोगाईहून एका वडिलांनी विचारलंय. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर, माग्डेबुर्गच्या विद्यापीठात दोन वर्षांच्या मास्टर्सला निघाली आहे. सप्टेंबरअखेरीस विमान, २३-२३ किलोच्या दोन बॅगा आणि हातात एक. घरातली यादी जाड जॅकेटपासून मिक्सरपर्यंत गेली आहे आणि रोज वाढते आहे. खरेदीसाठी लाखभर रुपये बाजूला काढलेत, त्यातलं काय इथून घ्यावं आणि काय तिथे गेल्यावर, असा प्रश्न आहे. मी काही वर्षं जर्मनीत नोकरी केली आणि आता छत्रपती संभाजीनगरातून पोरापोरींना तिकडे पाठवण्याचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पैशाचं. लॅपटॉप वेगळा धरला तर इथल्या खरेदीवर पंचवीस-तीस हजारांच्या वर जाऊ नका. उरलेल्याचे युरो करून तिच्याजवळ द्या, थोडे रोख आणि बाकी फॉरेक्स कार्डवर. कारण असं आहे. व्हिसासाठी तुम्ही ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरले असतील. ते पैसे तिचेच, पण तिथे उतरल्या उतरल्या हातात येत नाहीत. आधी तिकडच्या बँकेत खातं उघडायचं, मग त्या खात्यात महिन्याला ९९२ युरो सुटायला लागतात. यात दोन-तीन आठवडे सहज जातात, कधी जास्तही. आणि नेमक्या त्याच दिवसांत खोलीचं डिपॉझिट, पहिलं भाडं, गादीवरचं पांघरूण, जॅकेट, सगळं एकदम अंगावर येतं. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागता येतं, म्हणजे रक्कम लहान नसते. माझ्याकडून गेलेल्या ज्या मुलांनी पहिल्याच महिन्यात घरी रडवेला फोन केला, त्यांच्याकडे सामान भरपूर होतं. हातात खेळता पैसा नव्हता.

आता यादीचं. ती कुठून आली ते आधी तपासा. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक याद्या अमेरिकेतल्या मावसभावाने पाठवलेल्या असतात, आणि प्रत्येक देशाचे कायदे वेगळे, भिंतीतली वीजसुद्धा वेगळी. अमेरिकेत १२० व्होल्ट, म्हणून तिकडचा माणूस सांगतो, 'इथून विजेचं काही आणू नका.' जर्मनीत आपल्यासारखीच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, त्यामुळे ती धास्ती तुम्हाला नको. दुबईला निघालेल्या पोराच्या डिंकाच्या लाडवात खसखस चुकूनही नको, कारण अमिरातीत, सौदीत आणि सिंगापुरातही तिच्यावर बंदी आहे. जर्मनीला ती अडचण नाही. ऑस्ट्रेलियात मसाल्याची पुडीसुद्धा उतरल्यावर जाहीर करावी लागते. तेव्हा यादी त्याच देशातल्या, जमल्यास त्याच वसतिगृहातल्या मुलीकडून घ्या. तिला तीनच गोष्टी विचारा: शेगडी कोणती आहे, खोलीत काय काय मिळतं, आणि जवळचं भारतीय किंवा तुर्की दुकान किती लांब आहे. या तीन उत्तरांत अर्धी यादी गळून पडते.

मी स्वतः एक साधा निकष लावतो. शरीराशी, कागदांशी आणि जिभेशी जे बांधलेलं आहे ते इथून न्यायचं. हवेशी आणि घराशी जे बांधलेलं आहे ते तिथे घ्यायचं, कारण तिथली हवा आणि तिथलं घर कसं आहे हे तिथल्या दुकानदाराला आपल्या दुकानदारापेक्षा जास्त कळतं. किंमत हा यात दुसरा मुद्दा. शंभर रुपयांची वस्तू तिकडे पाचशेला पडते म्हणून ती इथून न्यावी, हा हिशेब ऐकायला बरोबर वाटतो. पण बॅगेत जागा ४६ किलोचीच आहे, आणि त्यातले आठ-दहा किलो खुद्द बॅगांचेच असतात.

शरीरापासून सुरुवात करा, कारण यालाच घरचे सगळ्यात शेवटी हात घालतात. चष्मा असेल तर नवीन नंबर काढून दोन जोड्या करून घ्या आणि नंबरचा कागद जपून ठेवा. तिकडे मोठ्यांच्या साध्या नंबरच्या चष्म्याचा खर्च सरकारी विम्यात सहसा बसत नाही, आणि काचांचा दर ऐकून इथला दुकानदार देवमाणूस वाटायला लागतो. दात आत्ताच दाखवा. अक्कलदाढ डोकं काढत असेल, रूट कॅनाल अर्धं राहिलं असेल, तर ते जाण्याआधी किमान महिनाभर उरकून टाका. आदल्या आठवड्यात नको. तिकडे डॉक्टर उत्तम आहेत, पण अपॉइंटमेंटची वाट बघावी लागते.

औषधांच्या बाबतीत एक गैरसमज काढतो. जर्मनीत औषधं मिळत नाहीत असं नाही. पण तिथे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि साधी पॅरासिटामॉलही किराणा दुकानात नसते, औषधांच्या दुकानातच घ्यावी लागते, आणि ते दुकान रविवारी बंद. सर्दी-तापाला तिथला डॉक्टर इंजेक्शन देत नाही, 'गरम चहा प्या, झोप काढा' म्हणून घरी पाठवतो. म्हणून ताप, पोट, ॲलर्जी, पाळीतली पोटदुखी यांच्या नेहमीच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या द्या. थायरॉइड, दमा असं काही कायमचं असेल तर तीन महिन्यांचं औषध द्या, त्याच्या वर नको. स्वतःपुरतं न्यायची तिथली मर्यादा साधारण तेवढीच आहे. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा आणि सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, त्यावर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिकडच्या डॉक्टरला काही सांगत नाही. पॅड्सचे डबेच्या डबे भरू नका. डीएम आणि रॉसमान नावाची दुकानं तिथे गल्लोगल्ली आहेत, तिथे ते स्वस्त मिळतात. एका महिन्याचे पुरेत.

कागद. यालाही मी खरेदीच धरतो, कारण यांनाही पैसे आणि वेळ लागतो आणि हे तिकडे कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. सीलबंद ट्रान्सक्रिप्टच्या दोन-तीन जादा प्रती आत्ताच काढून घ्या. आपल्या भागातली बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं आता लोणेऱ्याच्या बाटूला, म्हणजे बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला, जोडलेली आहेत. पुढे पीएचडीसाठी किंवा नोकरीसाठी एक प्रत लागली तर तुम्हाला अंबाजोगाईहून रायगड जिल्ह्यात जावं लागेल, आणि तेही मुलीच्या अधिकारपत्रावर. पदवी अजून हातात आली नसेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र, सगळ्या सेमिस्टरच्या मूळ गुणपत्रिका, जन्मदाखला आणि एपीएसचं, म्हणजे जर्मनीसाठी आपल्या पदव्या तपासणाऱ्या केंद्राचं, प्रमाणपत्र, हे सगळं हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगेत एकही मूळ कागद नको. स्कॅन करून तुमच्या आणि तिच्या, दोघांच्या ईमेलवर ठेवा.

आणि भारतातलं सिम. हे बंद पडू देऊ नका. बँकेचे ओटीपी, शैक्षणिक कर्जाचे मेसेज, आधार, सगळं त्या नंबरला बांधलेलं असतं. निघण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या आणि सिम चालू राहील असा छोटा रिचार्ज दर वेळी तुम्हीच मारत जा. नंबर बंद पडून दुसऱ्याच्या नावावर गेला तर तिकडे बसून बँकेशी भांडणं फार अवघड आहे.

आता हवा. जाड जॅकेट इथे घेऊ नका. हे मी सगळ्यांना सांगतो आणि निम्मे लोक तरी ऐकत नाहीत, कारण पोरीला थंडी वाजेल हे आईच्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडची डिसेंबरातली पहाट आठ-दहा अंशांची असते आणि दुपारी ऊन चटके देतं. आपल्या बाजारातलं जॅकेट त्या पहाटेसाठी आणि मोटारसायकलसाठी शिवलेलं असतं. माग्डेबुर्गला जानेवारीत दिवसभर पारा शून्याच्या आसपास, वर बोचरा वारा आणि ओल. ती ओल आपल्या जॅकेटात मुरते. उलट घरात, वर्गात, ट्राममध्ये हीटर चालू, म्हणजे आत गेलं की सगळं उतरवायचं. तिथे बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवणारा लागतो, आत पातळ थर. संभाजीनगरच्या गुलमंडी बाजारात चार हजारांना घेतलेलं गुबगुबीत जॅकेट दोन किलोंचं होतं, बॅगेचा चौथा हिस्सा खातं आणि नोव्हेंबरात कपाटात जातं. तिकडे ऑक्टोबरात सत्तर-ऐंशी युरोत कामाचं जॅकेट मिळतं, अंगावर घालून बघून.

घाई तशीही नाही. सप्टेंबरअखेरीस तिथे सकाळी आठ-दहा आणि दुपारी सोळा-सतरा अंश असतं. तिच्याजवळचा नेहमीचा स्वेटर, वर विंडचीटर, एवढ्यावर पहिले तीन-चार आठवडे निघतात. ते विमानात अंगावरच घालून जाऊ द्या. थर्मलचे दोन जोड इथून घ्या, ते हलके असतात आणि इथे स्वस्त पडतात. बूटही तिथेच, इथले स्पोर्ट्स शूज पायात घालून जाऊ दे, पण बर्फातले, पाणी न शिरणारे बूट तिकडे मापाने घेतलेले बरे. इथून भरपूर न्यायचं ते आतले कपडे आणि मोजे, बारा-पंधरा दिवसांचे. कारण वसतिगृहात कपडे धुण्याच्या यंत्राला दर खेपेला पैसे पडतात आणि नंबर लावावा लागतो, पोरं दोन आठवड्यांतून एकदा धुतात. एक चांगला पंजाबी ड्रेस किंवा हलकी साडी असू द्या. दिवाळीला भारतीय विद्यार्थ्यांचा कार्यक्रम असतो आणि तेव्हा तिला ती हवीच असते.

घराचं. विद्यार्थी वसतिगृहाची खोली असेल तर पलंग, टेबल, कपाट बहुतेक असतं, अंथरूण-पांघरूण नसतं. खाजगी घर घेतलं तर सावध, कारण तिकडे रिकामं घर म्हणजे खरंच रिकामं. ओटा, सिंकसुद्धा जुना भाडेकरू काढून नेतो, आणि छताला दिव्याच्या जागी नुसत्या वायरी लोंबत असतात. हे माहीत नसलेली पोरं पहिल्या रात्री मोबाइलच्या उजेडात बॅग उघडतात. तरी यातलं काहीही इथून न्यायचं नाही. उशी आणि रजई तिकडच्या मापाची तिथेच घ्या. पहिल्या रात्रीपुरती एक सोलापुरी चादर आणि एक पातळ बेडशीट द्या, बस. आजीची वाकळ द्यायची असेल तर तिचं वजन करून मगच ठरवा. तीन-चार किलो भरते आणि तिथल्या यंत्रात धुता येत नाही. पण द्यायचीच असेल तर चपला, शाम्पू, टॉवेलांचा ढीग काढून टाका आणि द्या; यावर मी वाद घालत नाही.

भांडी, टेबल-लँप, सायकल, खुर्ची यांसाठी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार मोठा आहे. 'क्लाइनआनत्साइगन' नावाच्या ॲपवर लोक चांगल्या वस्तू थोडक्यात, कधी फुकटही देतात. आणि सेमिस्टर संपवून गाव सोडणारी भारतीय पोरं व्हॉट्सॲप ग्रुपवर अख्खा संसार विकायला काढतात, कुकर आणि तव्यासकट. वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत, एवढं मात्र तिला बजावून सांगा.

स्वयंपाकघरात एक वस्तू मात्र इथून जायलाच हवी: कुकर. तीन लिटरचा, आणि स्टीलचा. ॲल्युमिनियमचा घेऊ नका. तिकडे गॅस फारसा नसतो. सपाट काचेची विजेची शेगडी असते, बऱ्याच ठिकाणी इंडक्शन. इंडक्शनवर ॲल्युमिनियम तापतच नाही. दुकानात जाताना फ्रिजवरचं चुंबक खिशात घालून जा आणि कुकरच्या बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं तर घ्या, नुसतं टेकून खाली घसरलं तर ठेवून द्या, डब्यावर इंडक्शन लिहिलं असलं तरी. त्याच्यासोबत दोन जादा रबर, म्हणजे गॅस्केट, आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह. ही दीडदोनशे रुपयांची वस्तू, पण त्या कंपनीचं त्या मापाचं रबर माग्डेबुर्गला शोधत फिरलात तर मिळायचं नाही, आणि रबर गेलं की कुकर म्हणजे नुसतं झाकणाचं पातेलं. भरताना कुकरच्या पोटात मोजे आणि रुमाल भरा, मसाल्याच्या पुड्या नको. जाड स्टीलच्या आत दाबून भरलेली पूड एक्सरेत नीट दिसली नाही की मुंबईलाच बॅग उघडायला लावतात.

गोल बुडाची कढई, बिडाचा जड तवा, दगडी खलबत्ता, हे काचेच्या शेगडीवर बसत नाही किंवा वजनात परवडत नाही. सांडशी न्या, ती तिकडे दिसतच नाही. लाटणं न्या, पोळपाट नको, ओटा पुसून त्यावर लाटता येतं. मिक्सर चालेल, वीज तीच आहे, पण सध्या नको. भांड्यांसकट चार-पाच किलो जातात आणि पहिल्या सहा महिन्यांत ती त्यात चटणीपलीकडे काही वाटणार नाही. चटणी तर तुम्ही करूनच देणार आहात.

इथे जिभेचा विषय येतो, आणि यावर थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त वजन याच खात्यावर वाया जातं. लातूरच्या पट्ट्यातल्या माणसाला तूरडाळ तिकडे दामदुप्पट भावाने विकत घ्यायची ही कल्पनाच सहन होत नाही, म्हणून पाच-पाच किलो डाळ बॅगेत घालतात. नका घालू. डाळ, तांदूळ, कणीक, मोहरी, जिरं, हळद भारतीय दुकानात मिळतं. मसूर, हरभरा, हिरवी मिरची, कोथिंबीर, भेंडी तुर्की दुकानात मिळते. जवस तर साध्या जर्मन सुपरमार्केटात पाकिटात मिळतो, ते लोक पावात घालून खातात. शेंगदाणेही आहेत. म्हणजे जवसाची आणि शेंगदाण्याची चटणी ती तिथे स्वतः करू शकते. कारळं मात्र सहज सापडत नाही, ती चटणी इथून द्या.

मिळत नाही तो आपला मसाला. काळा मसाला एक किलो आणि येसर अर्धा किलो, एवढ्यावर वर्ष निघतं. मसाला इथेच भाजून, दळून, पुरता गार करून व्हॅक्यूम पॅक करून घ्या. सुकामेव्याच्या दुकानांत करून देतात. तिथे भाजायचं तिच्यावर सोडू नका. वसतिगृहाच्या खोलीत छताला धूर ओळखणारं यंत्र असतं, तव्यावर मिरची भाजली की ते ठणाणा करायला लागतं, आणि काही इमारतींत ते थेट अग्निशमन दलाला जोडलेलं असतं. गाडी विनाकारण आली तर बिल येऊ शकतं. ठेच्याची हौस उन्हाळ्यात, खिडकी उघडून.

ज्वारीचं पीठ दोन किलोंच्या वर नको. महिना-दीड महिन्यात त्याची विरी जाते, मग भाकरी थापली की चिरा पडतात आणि पोरगी स्वतःलाच दोष देत बसते. सुरुवातीला भाकरीची हौस भागवण्यापुरतं न्यायचं. खारोड्या, कुरडया, पापड हलके असतात, एक-एक डबा चालेल. लोणच्याऐवजी लोणच्याचा मसाला द्या. लिंबं तिकडे हवी तितकी मिळतात, आणि तेलाची बरणी बॅगेत फुटली तर दोन वर्षांचे कपडे वासाने जातात.

आता जे नेताच येत नाही ते. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणू देत नाहीत. म्हणजे तूप, खवा, कुंथलगिरीचे पेढे, पनीर, सगळं बाद. 'थोडंसंच आहे' हे कारण चालत नाही, सापडलं तर टाकून देतात आणि दंडही होऊ शकतो. तुपासाठी जीव टांगू नका. तिकडचं लोणी बहुतेक बिनमिठाचं आणि चांगलं असतं, पाव किलोची वडी आणायची आणि घरच्यासारखं कढवायचं. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांनाही रोगमुक्तीच्या प्रमाणपत्राशिवाय बंदी आहे. केळी, नारळ, खजूर, अननस आणि दुरियन एवढीच फळं सुटतात. मात्र नारळ सुटतो म्हणून सुकं खोबरं भरू नका. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात आणि आपल्याच विमानतळावर काढून घेतात. मसाल्यात दळलेल्या खोबऱ्याला अडचण नाही, अख्ख्या वाट्या नकोत.

पहिल्या दोन दिवसांच्या जेवणाचा विचार मात्र नीट करा. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली तेवढी उघडी. ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी, तेव्हाही बंद. शनिवारी संध्याकाळी उतरून खोलीवर जाईपर्यंत रात्र झाली तर सोमवार सकाळपर्यंत हातात आहे तेच खायचं. दही न घालता मळलेले धपाटे दोन-तीन दिवस टिकतात. ते, चटणी, तयार पोह्या-उपम्याची चार पाकिटं, थोडी चहापूड आणि साखर हातातल्या बॅगेत ठेवा. चटणी कोरडी असू द्या. तेल सुटलेलं काही हातातल्या बॅगेत चालत नाही. तिकीट काढतानाच मंगळवार-बुधवारी पोचेल असं बघितलंत तर हा प्रश्नच राहत नाही.

लॅपटॉप इथेच घ्या. जर्मन लॅपटॉपच्या कळफलकावर वाय आणि झेड अदलाबदल झालेले असतात आणि चिन्हंही भलतीकडेच. परदेशात चालणारी वॉरंटी आहे का हे पावतीवर लिहून घ्या. इंजिनिअरिंगचा नेहमीचा साधा कॅल्क्युलेटर बरोबर द्या. प्लग वेगळे आहेत. आपली दोन पिनांची बारीक चार्जरं तिथे बहुधा बसतात, तीन जाड गोल पिना बसत नाहीत. चार अडॅप्टर विकत घेण्यापेक्षा एक चांगला अडॅप्टर आणि आपला एक एक्स्टेंशन बोर्ड द्या. त्यावर फक्त चार्जर लावायचे, किटली किंवा हीटर नाही. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका, ती हातातच. १०० वॉट-अवरपर्यंत चालते, म्हणजे नेहमीची २०,००० एमएएचची बसते.

बॅगा घेताना मात्र पैशाकडे बघू नका. विमानतळावरून माग्डेबुर्गपर्यंत रेल्वे, मध्ये गाडी बदलायची, मग ट्राम, मग फरसबंदी रस्ता. त्या दगडांवर स्वस्त बॅगेची चाकं गळतात. आणि दोन्ही बॅगा तिला एकटीलाच ओढायच्या आहेत, फलाटावरची लिफ्ट बंद असली तर जिन्यावरून एकेक करून चढवायच्या आहेत. घरी भरलेल्या बॅगा घेऊन तिला एकदा गच्चीपर्यंत चढून यायला सांगा. बऱ्याच घरांत यादी त्यानंतर आपोआप कमी होते.

मुंबईपर्यंतचंही लक्षात घ्या. संभाजीनगर-मुंबई विमान वेगळ्या तिकिटावर काढलंत तर देशांतर्गत नियमाने बहुतेक १५ किलोच मिळतात आणि उरलेल्या तीस किलोंचे पैसे मोजावे लागतात. एकाच तिकिटावर जोडून घेतलं तर आंतरराष्ट्रीय मर्यादा लागू होते. नाहीतर सरळ गाडीने किंवा लातूर-मुंबई रेल्वेने जा. नांदेड, देगलूर, उदगीरकडच्या लोकांना हैदराबाद जवळ पडतं, तेही बघून ठेवावं.

पाहुण्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगतो, कारण यादी खरी वाढते ती तिथे. निघायच्या आठवड्यात आत्या स्टीलचा डबा आणते, काका चांदीचा गणपती, शेजारच्या काकू अडीच किलो चिवडा. आहेराला नको म्हणता येत नाही. पण पंधरा दिवस आधीच सगळ्यांना सांगून ठेवा की बॅग भरून वजन झालंय, द्यायचंच असेल तर पाकीट द्या, आम्ही त्याचे युरो करणार आहोत. वाईट वाटत नाही कुणाला. उलट आत्या सगळ्यांना सांगत फिरते की पोरीचं जॅकेट तिच्या पैशातून आलंय.

वजन घरीच लटकत्या काट्यावर करा आणि बॅग साडेबावीसच्या वर जाऊ देऊ नका, काट्याकाट्यात फरक असतो. विमानतळावर जाताना तुमच्या हातात एक रिकामी कापडी पिशवी ठेवा. काउंटरवर काही काढावंच लागलं तर आधी डाळ-तांदूळ (सांगूनही भरलेच असतील तर), मग शाम्पू-साबण, मग जादा टॉवेल, या क्रमाने काढायचं. हा क्रम आदल्या रात्रीच ठरवून त्या वस्तू बॅगेत सगळ्यात वर ठेवा. नाहीतर रांगेत उभं राहून घाईघाईत मसाला बाहेर आणि शाम्पू आत, असं होतं.

डिसेंबरात तिथे चारलाच अंधार पडायला लागला की ती स्वतःच एक छोटी यादी पाठवेल. त्या यादीवर विश्वास ठेवा. तेव्हा पोस्टाने पार्सल करा. घरून पाठवलेल्या भेटवस्तूवर ४५ युरोपर्यंत तिकडे कर लागत नाही, खाण्यापिण्याचे नियम मात्र पार्सललाही तेच. आत आलेली प्रत्येक वस्तू आणि तिची किंमत बाहेरच्या फॉर्मवर नीट इंग्रजीत लिहा. नुसतं 'घरगुती सामान' लिहिलं की ते तिकडच्या कस्टमच्या कचेरीत अडकतं आणि सोडवायला तिला लेक्चर बुडवून जावं लागतं.